भिंगरीच्या गोळ्यांची पेटी

मित्रांनो, कल्पना करा, की तुम्ही एका शिंप्याच्या दुकानात उभे आहात. शिलाई मशीन खडखडत आहे आणि इस्त्रीची ऊब तुमच्या गालांना लागत आहे. आता टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहा. तिथे एक लाकडी पेटी दिसते ना? तीच मी. मी एक जुनी बटणांची पेटी आहे.

एका सुताराने कपाटाच्या उरलेल्या फळीतून मला घडवले. पोटात सात कप्पे केले, पितळी बिजागऱ्या ठोकल्या आणि मला शिंपीदादांच्या हाती दिले. सदऱ्याची बटणे, कोटाची बटणे, हूक, प्रत्येकाला मी वेगळे घर दिले. "ही पेटी नसती, तर माझा निम्मा जन्म बटणं शोधण्यात गेला असता," असे शिंपीदादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मला फार बरे वाटे. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या. बटणे तिकडे राहायला गेली आणि मी फळीवर धूळ खात पडले.

मला खाली काढले ते भिंगरीसाठी. भिंगरी ही शिंपीदादांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ! तिला अपस्मार आहे. म्हणजे तिच्या मेंदूतल्या संदेशांचा कधीकधी अचानक गोंधळ उडतो, शुद्ध हरपते आणि अंगाला झटके येतात. याला आकडी किंवा फीट म्हणतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. डॉक्टरांनी तिला रोज संध्याकाळी एक गोळी घ्यायला सांगितली होती. आई विचारी, "घेतलीस ना?" भिंगरी पळतापळता म्हणे, "हो हो!" खरे काय ते तिचे तिलाच ठाऊक.

शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनी उपाय सांगितला. "सात वारांचे सात कप्पे करा. कप्पा रिकामा, म्हणजे गोळी पोटात. विचारायची भानगडच नको."

शिंपीदादांनी मला घासूनपुसून लख्ख केले आणि वारांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

"बाबा, एखादं बटण राहिलंय का बघा हं," भिंगरी म्हणाली. "नाहीतर माझ्या पोटाला काजं करावी लागतील!"

मला पुन्हा काम मिळाले होते. पण एक गोष्ट खुपत असे. गिऱ्हाईक आले, की शिंपीदादा मला पटकन कापडाच्या ढिगाखाली सारत. "लोकांना कळलं तर उगाच चर्चा," असे ते आईला हळूच म्हणत. शाळेतही त्यांनी कुणाला काही सांगितले नव्हते.

एका संध्याकाळी कोटाचे माप द्यायला एक बोलघेवडे गृहस्थ आले. मी ढिगाखाली गेले ती तिथेच राहिले. गोळी कप्प्यातच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला वर्गात आकडी आली. मुलांनी घाबरून तिचे हातपाय दाबून धरले. ढब्बू नावाच्या तिच्या मित्राने तिच्या दातांत पट्टी घालायचा प्रयत्न केला. तिचा ओठ फाटला.

संध्याकाळी शाळेतल्या खेळाच्या बाई दुकानात आल्या. भिंगरी शाळेच्या ज्या शिबिराची वर्षभर वाट पाहत होती, ते आता जवळ आले होते.

"हिला शिबिराला नेणं मला जमणार नाही, दादा," बाई म्हणाल्या. "तिथे असं झालं, तर काय करायचं हे आम्हाला कुठे माहीत आहे?"

शिंपीदादांची मान खाली गेली. भिंगरीने मात्र ढिगात हात घातला, मला बाहेर ओढले आणि टेबलाच्या मधोमध ठेवले.

"माहीत नाही, कारण आम्ही सांगितलंच नाही, बाई. बाबा, आता हिला झाकायचं नाही. बाई, उद्या मला वर्गात थोडा वेळ द्या. सगळ्यांना नीट जमलं, तर मला न्या."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. "बरं. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी शिंपीदादा मला घेऊन स्वतः वर्गात आले. भिंगरीने माझे झाकण उघडून सर्वांना कप्पे दाखवले.

"मला वाटलं, तू जीभ गिळशील," ढब्बू पुटपुटला.

"जीभ कुणी गिळत नसतं रे! तोंडात काहीच घालायचं नाही. मला दाबून धरायचं नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, मला कुशीवर वळवा. घड्याळ बघा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. आणि मी नीट जागी होईपर्यंत कुणीतरी जवळ थांबा."

मित्रांनो, माझे एवढे ऐका. अपस्माराची गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची असते. बरे वाटते म्हणून ती आपल्या मनाने थांबवायची नाही. एखादी राहिलीच, तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचे. आणि आपल्या माणसाचा आजार कधी कापडाखाली लपवू नका. मी तिथे राहून आले आहे. ढिगाखालून कुणालाही मदत करता येत नाही.

बाई फळ्याजवळून म्हणाल्या, "सांगितलंस छान. पण यांना जमेल का?"

भिंगरीने मला टेबलावर ठेवले. बाके मागे सरकवली. मग ती वर्गाच्या मधोमध फरशीवर सरळ आडवी झाली आणि तिने डोळे मिटले.

"चला," ती म्हणाली, "समजा, मला आकडी आली आहे. करा सुरुवात."