अडीच समजणारी चौकट

धुळ्याच्या गल्ली नंबर चारमध्ये मंजुळाला ‘कॉम्प्युटरवाली सून’ म्हणत, आणि म्हणताना असं हसत की जणू पोरीला पतंग उडवायचा नाद आहे. ती नेमकं काय करते हे त्या गल्लीत कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला तिला फार वेळ लागला नसता. तिनं एका परदेशी वस्तूला जळगावच्या दाणाबाजाराची बोली शिकवली होती.

लग्नाआधी ती चाळीसगावहून रोज सकाळच्या गाडीनं जळगावला जाई. तिथे उत्तमचंद शेठांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. शेठांचा पिढीजात धंदा डाळीचा, त्यामुळे गिऱ्हाईकही डाळमिलवाले आणि अडतेच. मंजुळा त्यांना प्रोग्रॅम लिहून देई. वर्ष चौऱ्याण्णवचं. विंडोज नवं होतं, आणि त्यावर प्रोग्रॅम करायचं एक साधनही नवंच आलं होतं. त्यात बटणं, याद्या, मजकूर भरायच्या चौकटी आयत्या मिळत. उचलायच्या आणि पडद्यावर हव्या तिथे मांडायच्या. सोय मोठी होती. पण त्या चौकटी ज्या मुलखात बनल्या तिथे कुणी अडीच क्विंटल तूर विकत नव्हतं. तारखेत आधी महिना यायचा. लाखाच्या आकड्यात स्वल्पविराम भलत्याच जागी पडायचा. मुनीम लोक ‘पावणेदोन’, ‘सव्वातीन’ या हिशेबात जगलेले, आणि चौकट त्यांच्याकडे दशांशाचं टिंब मागायची. मुनीम मान हलवत आणि खिशातलं पेन काढत.

त्या साधनात एक वाट उघडी ठेवलेली होती. आयत्या चौकटी पुरल्या नाहीत तर आपण स्वतः नव्या बनवायच्या आणि मूळ संचाला जोडून द्यायच्या. वाट होती, पण खडतर. त्यासाठी सी भाषेत पार खालपर्यंत उतरावं लागे, आणि एक चूक झाली की अख्खं मशीन गार पडे. मंजुळा त्या वाटेनं गेली. पुस्तक नव्हतं, विचारायला माणूस नव्हतं. तरी तिनं ‘अडीच’ टाइप केलं की अडीच समजणारी चौकट बनवली. मराठी लिहून घेणारी बनवली. तिथी दाखवणारी, बाजार कधी बंद ते सांगणारी तारीख बनवली. या सगळ्या संचाला तिनं ‘जोड’ नाव दिलं. ‘माहिती’ या बटणावर दाबलं की एक छोटी पाटी उघडे : रचना, मंजुळा कौतिक पाटील, चाळीसगाव. ती पाटी उघडून बघायला तिला आवडे. का आवडू नये?

अभिमन देवरे तिला बघायला आला तो ही पाटी आधीच वाचून. त्याचा धुळ्यात कॉम्प्युटरचा क्लास होता आणि तिथल्या एका अडत्याकडे त्यानं ‘जोड’ पाहिली होती. घरची माणसं शेती, नातीगोती विचारत होती, आणि हा पठ्ठ्या मुलीला विचारत होता की ‘सव्वा’ आणि ‘सव्वाशे’ यातला फरक चौकटीला कळतो कसा. चहा गार झाला. मंजुळानं त्या चहापायीच होकार दिला म्हणा ना. आपलं काम ओळखणारा नवरा मिळतोय, अजून काय पाहिजे, असं तिला वाटलं.

नोकरी सोडताना उत्तमचंद शेठांनी ‘जोड’च्या सगळ्या फ्लॉप्या तिच्या हातात ठेवल्या. “बेटी, डोकं तुझं, तर वस्तूही तुझी. माझ्या गिऱ्हाइकांना चालू दे म्हणजे झालं.” व्यापारी माणूस, पण मनानं साफ. पुढे जे झालं त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.

सासरी आल्यावर मंजुळानं अभिमनच्या क्लासमध्ये बसून ‘जोड’ची नवी आवृत्ती केली. दुपारी विद्यार्थी नसत तेव्हा. काम पुरं झालं तसं तिनं सासूला सांगितलं. भिकुबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सुनेनं घरात येऊन पहिली वस्तू केली एवढं कळलं. आणि त्या घराची रीत अशी की नव्या सुनेच्या हातची पहिली वस्तू घरधन्याच्या नावानं काढायची. मग ती गोधडी असो की कुरडयांचा घाणा.

“पहिलं काम घरधनीना नावनं ऱ्हावो, बेटा,” भिकुबाई म्हणाल्या. “घरमा बरकत ऱ्हास.”

गोधडीवर नाव घेऊन ती पांघरली की विषय संपतो. पाटीवर घातलेलं नाव शंभर गावी जातं, हा फरक सासूला कळायचं कारण नव्हतं. पण मंजुळाला कळायला हवा होता. तिनं नवेपणाच्या लाडात, स्वतःच्या हातानं पाटी बदलली : रचना, अभिमन सुकदेव देवरे, धुळे. अभिमन “अगं, कशाला” म्हणाला. फार जोरात म्हणाला नाही. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त हेच झोंबलं.

वर्षभरात पुण्याहून क्लासवर फोन आला. बाजार समित्यांसाठी प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका कंपनीनं कुठेतरी ‘जोड’ पाहिली होती, आणि त्यांना तिचा कर्ता हवा होता. पगार असा की भिकुबाईंनी दोनदा विचारून खात्री केली. अभिमन पुण्याला निघाला तेव्हा मंजुळा म्हणाली, “त्यांना सांगा, काम माझं आहे. मी पण येते.”

“सांगतो ना. आधी पाय तर टेकू दे. जागा बघतो, मग तुला नेतो, मग तूच बोल त्यांच्याशी.”

पाय टेकले आणि तिथेच रुजले. जागा काही मिळेना. भिकुबाईंना एकटं ठेवायचं कसं, हेही होतंच. दर रविवारी अभिमन बूथवरून फोन करी आणि आठवड्याच्या अडचणी वाचून दाखवी : अमुक ठिकाणी चौकट रिकामी दिसते, तमुक ठिकाणी तिथी चुकते. मंजुळा दुरुस्त करी आणि फ्लॉपी रातराणीच्या कंडक्टरकडे देई. सोमवारी कंपनीतले साहेब अभिमनची पाठ थोपटत. हे त्यानंच तिला सांगितलं, आणि सांगताना त्याला काही वाटलं नाही.

मग नवं विंडोज आलं. त्यावर जुन्या घडणीच्या जोडण्या चालेनात. सगळ्या चौकटी नव्या घडणीनं, पहिल्यापासून लिहाव्या लागणार होत्या. डागडुजीनं भागणारं हे काम नव्हतं. अभिमन रजा टाकून धुळ्याला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“तू नाही केलंस तर माझी नोकरी जाईल,” तो म्हणाला.

“करते,” मंजुळा म्हणाली. “पण पाटीवर माझं नाव. आणि साहेबांना तुम्ही तोंडानं सांगायचं, की आधीचीही मीच केली होती. मला तिथे काम पाहिजे. तुमच्या शेजारच्या टेबलावर.”

“मला खोटारडा म्हणतील.”

“मग काय म्हणावं?”

तिचा आवाज चढला नव्हता. अभिमननं आईच्या गळ्याची शपथ घेतली आणि ती खरोखर मनापासून घेतली, हे इथं सांगून टाकलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मंजुळाचं निम्मं दुःख कमी झालं असतं.

तो उन्हाळा तिनं क्लासच्या पत्र्याखाली काढला. पत्रा तापे, मशीन तापे. ओला पंचा मानेवर टाकून ती चौकटीमागून चौकट लिहीत गेली. पहिल्यापेक्षा चांगली, कारण आता कुठे काय फसतं ते तिला ठाऊक होतं. इतकी खूश ती लग्नातही नव्हती. पुण्याला गेल्यावर पहिल्या पगारात काय घ्यायचं तेसुद्धा तिनं ठरवून टाकलं होतं. काम संपलं, अभिमन सगळं घेऊन गेला. मूळ प्रोग्रॅमसकट, म्हणजे तिनं लिहिलेल्या ओळीन् ओळीसकट, कारण साहेबांना तो तपासायचा होता.

महिन्याभरानं तो पेढे घेऊन आला. सोबत एक छापील पुस्तक होतं : ‘जोड’ कशी वापरावी याची माहिती, गुळगुळीत कागद, रंगीत वेष्टन. मंजुळानं पहिलं पान उलटलं. रचना, अभिमन सुकदेव देवरे. तिनं दुसरं पान उलटलं. तिथे आभार होते. कंपनीचे, साहेबांचे, आणि शेवटच्या ओळीत, ‘पत्नी सौ. मंजुळा यांनी वेळोवेळी दिलेल्या प्रोत्साहनाबद्दल.’

भिकुबाईंनी पुस्तक हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी ती ओळ कुठली ते विचारून तिच्यावर बोट ठेवलं आणि तशाच शेजारी गेल्या. “मन्ही सूननं नाव पुस्तकमा उनं,” हे सांगताना त्यांचा ऊर भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता.

“तुम्ही सांगितलं नाही,” मंजुळा म्हणाली.

“सांगितलं. शपथ. साहेबांच्या केबिनमध्ये, चार माणसांसमोर. म्हटलं, हे सगळं माझ्या बायकोनं केलंय.”

“मग?”

“ते हसले. म्हणाले, देवरे, तुमच्यासारखे नवरे आता राहिले नाहीत. बायकोला एवढं श्रेय कोण देतं. मग त्यांनीच सांगितलं की पाटीवर तुमचंच नाव ठेवू, बायकोचं आभारात घालू.”

“तुम्ही काय म्हणालात त्यावर?”

अभिमन पेढ्याच्या खोक्याची दोरी सोडत होता. गाठ काही सुटेना.

“मी पण हसलो,” तो म्हणाला.

बाहेर भिकुबाई अजून कुणाला तरी ती ओळ दाखवत होत्या. मंजुळानं पुस्तक मिटलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो नुसता संताप.

“पुढची आवृत्ती तुम्ही लिहा,” ती म्हणाली. “मी प्रोत्साहन देते.”

तिला वाटलं, आता हा घाबरेल. विनवेल. निदान मान खाली घालेल. पण अभिमनचा चेहरा उलट मोकळा झाला.

“अगं, पुढचं मलाही नाही लिहायचं. साहेबांनी मूळ प्रोग्रॅम ठेवून घेतलाय. त्यावर चार पोरं बसवलीत, मला त्यांचा प्रमुख केलंय. तू इतकं स्वच्छ लिहिलंयस की त्यांना काही विचारावं लागत नाही.” दोरी एकदाची सुटली. त्यानं पेढा उचलून तिच्यापुढे धरला. “तुला आता काही म्हणजे काही त्रास नाही.”