निळ्या बादलीतलं पाणी

आमच्या घरात पाणी दोनदा वापरल्याशिवाय मोरीत जात नाही. हा नियम मी केला आणि मीच सगळ्यांकडून पाळून घेतला. मोडणाऱ्याला जेवताना दोन शब्द ऐकावे लागतात. वाघोलीत राहायचं आणि मार्च ते जून टँकरच्या भरवशावर काढायचे, तर घरात असं एक कडक माणूस लागतंच. माझा नवरा संजय मला 'पाणीपुरवठा खातं' म्हणतो. मला त्यात हसण्यासारखं कधी काही वाटलं नाही.

तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला. दुपारी खिडक्यांवर ओल्या चादरी, आणि एसीचा प्लग मार्चच्या मध्यालाच काढून ठेवलेला. स्वयंपाकघरातला आरओ फिल्टर एक भांडं पाणी गाळताना तीन भांडी पाणी बाहेर टाकून देतो. त्या नळीखाली मी निळी बादली ठेवली होती. ती बादली रोज आईंच्या पिंपळाला जायची.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रभागा. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. खडकीच्या आमच्या बुद्धविहाराच्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं होतं. भिंत तडकेल म्हणून लोक त्यावर अॅसिड ओतायच्या बेतात होते. आई घरून उलथनं घेऊन गेल्या, दोन दुपारी भिंत खरवडत बसल्या आणि रोप मुळासकट काढून रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलं. "रोज ज्याच्यापुढे हात जोडता त्याच्यावरच अॅसिड?" एवढंच म्हणाल्या.

यंदा विहाराला कुंपण झालं, आत थोडी मोकळी जमीन निघाली. बुद्धपौर्णिमेला आईंचा पिंपळ तिथे लावायचा, खाली त्यांच्या नावाची लहानशी पाटी, असं ठरलं. माझे सासरे भीमराव त्या दिवसासाठीच जगत होते म्हटलं तरी चालेल. एकोणऐंशी वर्षांचे आहेत. चौतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत काढली. पुढे काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, आता फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळतो. दुपारभर बाल्कनीत डब्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. वारा नसला तरी पिंपळाची पानं हलतात, ती ऐकत. संध्याकाळी मी घरी आले की सांगायचे, "आज तुझी सासू फार बोलली."

मार्चच्या शेवटी एकदा मी घाईत बादली ओतत होते, तेव्हा ते म्हणाले, "पूर्वा, हे पाणी झाडाला जरा जड नाही ना होत?"

"बाबा, लोकांना प्यायला पाणी नाही. झाडाचे कसले लाड? पाणी वाया घालवायचं नसतं," मी म्हणाले आणि कॉलेजला निघून गेले.

"बरं," ते म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

एप्रिलच्या मध्यावर पानांच्या कडा करपायला लागल्या. ऊन फार आहे, तहान लागली असेल, असं म्हणून मी बादली एकाची दीड केली. डब्याखाली ताट ठेवलं होतं. त्यात निथळलेलं पाणीसुद्धा मी सोडायचे नाही, परत वरून घालायचे. हिरवी जाळी बांधली. मातीवर पांढरा थर आला, तो बुरशी समजून खरवडून काढला. तरी पानं गळायला लागली. पौर्णिमेला सोळा दिवस राहिले तेव्हा झाडावर तीस पानं होती. रोज सकाळी बाबा उठायच्या आत मी गळलेली पानं उचलून टाकायचे आणि उरलेली मोजायचे.

शेवटी पिशवीत थोडी माती घेऊन लोहगाव रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. तिथला गेनबा म्हातारा मोठा जाणता आहे. त्यानं चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकून टाकली.

"ताई, ह्ये मीठ हाय. पानी कुठलं घालता?"

मी फिल्टरचं सांगितलं. बादली वाया जाऊ देत नाही, हेही सांगितलं, जरा अभिमानानंच.

"आवो, त्यो फिल्टर बोरच्या पान्यातला समदा खार काढून त्याच पान्यात सोडतो की. तुमी चांगलं पानी पिताय आन् खार झाडाला पाजताय. आन् निथळलेलं बी परत घातलं?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "डब्याला खालनं मोठी भोकं पाडा. गोडं पानी सोडा वरनं, धा-बारा बादल्या. खार धुऊन गेला तर वाचंल. मुळं जळली असतील तर मग काय."

मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. अकरा वर्षं पोरांना ओरडून सांगते की डिस्टिल्ड वॉटरच्या जागी नळाचं पाणी घ्याल तर प्रयोगाचा सत्यानाश होईल. आणि घरी महिनाभर आईंच्या झाडाला मीठ घालत होते. रिक्षात बसून मी रडले. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं, मग भला माणूस समोर बघत राहिला.

दहा-बारा बादल्या गोडं पाणी आणायचं कुठून? टँकर येतो तोही बोअरचाच. फिल्टरचं एक बादली पाणी झाडाला द्यायचं तर तीन बादल्या खारं पाणी मोरीत ओतायचं. मी ओतलं. दोन दिवसांत सहा बादल्या माझ्या हातानं मोरीत ओतल्या, तेव्हा कुठे डब्यात दोन बादल्या गेल्या. मग सोसायटीनं पाणी दिवसातून एकदाच, वीस मिनिटं केलं आणि फिल्टरला धार राहीना.

तेव्हा मला एसी आठवला. एसीच्या नळीतून जे ठिबकतं ते वाफेचं पाणी. त्यात खार नसतो. मी प्लग परत लावला आणि बाबांच्या खोलीतला एसी सुरू केला.

"काय गं, सरकार बदललं की काय?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला त्रास होतो उन्हाचा," मी खोटं बोलले. झाडाचं काही सांगितलं नाही.

कोरड्या हवेत एका एसीचं पाणी ते किती, दिवसाला दोन-तीन तांबे. म्हणून मी बादली घेऊन शेजाऱ्यांकडे गेले. मार्चमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर मीच लांबलचक मेसेज टाकला होता, एसी लावणाऱ्यांनी जरा पुढच्या पिढीचा विचार करावा म्हणून. चेअरमन जयसिंगरावांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"या. पुढची पिढी आत एसीत झोपलीय, जरा हळू बोला."

सहाव्या मजल्यावरची निकिता आयटीत आहे, घरूनच काम करते. ती म्हणाली, "आंटी, नळीखाली बादली ठेवा ना, नो इश्यू. पण एसी म्हणजे क्राइम आहे ना? तुम्हीच म्हणालात."

मी मान खाली घातली. माझ्यासारख्या बाईला मान खाली घालायची सवय नाही, पण त्या आठवड्यात ती लागली. चार घरांचं मिळून रोज पाऊण बादली पाणी जमायचं. ते मी तांब्यातांब्यानं सोडायचे. डब्याखालून जे निथळायचं ते जिभेला लावून बघायचे. खारट. दुसऱ्या दिवशीही खारट. झाडावर अकरा पानं राहिली, मग सात, मग तीन.

"आजकाल आवाज नाही गं येत," बाबा एका संध्याकाळी म्हणाले.

"वारा पडलाय," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले.

पौर्णिमेला चार दिवस होते. कॉलेज लवकर सुटलं आणि मी दुपारी दोनला घरी आले. हाक मारली, उत्तर नाही. बाबा बाल्कनीत खुर्चीवरून खाली घसरले होते, डोकं कठड्याला टेकलेलं, तोंड कोरडं पडलेलं. हातात तांब्या होता. आडवा झालेला, आणि डब्यातली माती ओली होती.

तो तांब्या मी रोज सकाळी निघताना फिल्टरचं पाणी भरून त्यांच्याजवळ ठेवायचे. दोन लिटरचा आहे. संध्याकाळपर्यंत संपवायचा, अशी माझी सक्त ताकीद होती. रोज संध्याकाळी तो रिकामा असायचा. मला किती बरं वाटायचं, की या घरात एक माणूस तरी माझं ऐकतो.

संजय ऑफिसमधून थेट दवाखान्यात आला. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणीच नाही यांच्या. किडनीवर ताण आलाय. दिवसाला किती पितात?" संजयनं माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हाताला सलाइन लावलं. मी थेंब पडताना बघत बसले. बाटलीवर लिहिलेलं मला वाचायची गरज नव्हती, मिठाचं पाणी होतं ते. माणसाला तेवढं मीठ चालतं, मोजून घातलं तर.

संध्याकाळी त्यांना शुद्ध नीट आली. संजय औषधं आणायला खाली गेला होता.

"तांब्या रोज रिकामा असायचा, बाबा," मी म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"एप्रिल लागला तेव्हापासून. माती बोटाला खरखरायला लागली. जिभेला लावून पाहिली." ते थांबत थांबत बोलत होते. "दोन घोट मी घ्यायचो. बाकीचं तिला. पण तुझ्या बादलीपुढे माझा तांब्या किती पुरणार?"

"मग मला सांगायचं नाही का?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. माझी घाई, माझं 'कसले लाड', आणि त्यांचं 'बरं'. एकदा सांगून पाहिलं आणि मग त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्याशी वाद घालण्यापेक्षा स्वतः तहानलेलं राहणं पत्करलं. माझ्या घरात ते सोपं होतं. मला माझीच भीती वाटली. त्यांच्या पायाशी बसून मी म्हटलं, "बाबा, चुकले मी. झाड मीच मारलं." त्यांनी सलाइन नसलेला हात पुढे केला. माझं डोकं कुठे आहे ते त्यांना लगेच सापडेना, मग सापडलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी उन्हात न्यायचं नाही असं बजावलं होतं. झाडावर एकही पान नव्हतं. डब्यात हातभर उंचीची करडी काडी उभी होती, बस. संजयनं विहारात फोन केला. पलीकडचे लोक चांगले, म्हणाले, जागा ठेवतो, पुढच्या वर्षी लावू. संजयनं 'जय भीम' म्हणून फोन ठेवला. पुढच्या वर्षी बाबा ऐंशीचे होतील.

पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी पांढरा सदरा मागून घेतला आणि बाल्कनीत बसवायला सांगितलं. आईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना झाली. मग ते म्हणाले, "बघ जरा, जिवंत आहे का."

मी नखानं साल खरवडली. शेंड्याला तपकिरी, कोरडं. मध्यावर तपकिरी. अगदी खाली, मातीपासून चार बोटांवर, आत काहीतरी फिकट दिसलं. ते हिरवं होतं की मला तसं दिसायला हवं होतं, सांगता येत नाही. मी त्यांचं बोट धरून तिथे टेकवलं. त्यांनी हळूच दाबून पाहिलं, बोट नाकाशी नेलं.

"ओल आहे," ते म्हणाले.

"ती कालच्या पाण्याची असेल, बाबा."

"असेल."

मी त्यांच्यासाठी ग्लासभर पाणी आणलं. आता मी समोर बसते आणि ग्लास संपेपर्यंत उठत नाही, दर तासाला एक, डॉक्टरांचा हिशोब आहे. ते सावकाश प्यायले. तळाला दोन घोट राहिले तेव्हा थांबले. ग्लास हातातच धरून बसले, आणि मी काय म्हणते याची वाट पाहू लागले.

"संपवा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

मी तो गिळला. त्यांच्या हातातून ग्लास घेतला आणि ते दोन घोट काडीच्या बुडाशी ओतले.