कुलपाआडची फरशी

"राजाभाऊ, तुमची बाजू जरा वर घ्या. अजून. हां, आता हलू नका."

जागृतीने सांगितलं तसे राजरत्नने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि गोधडीचं टोक भिंतीला टेकवून धरलं. तो स्टुलावर उभा होता. दुसरं टोक संदेशने धरलेलं, तोंडात दोन खिळे.

नौपाड्यातल्या त्या छोट्या सभागृहाचा राखणदार, झाडूवाला, लायटीवाला, सगळं राजरत्नच. एकवीस वर्षं. मुंजी, शोकसभा, साड्यांचे सेल, सगळ्यांसाठी त्याने खुर्च्या मांडल्या होत्या. पण गेले सहा रविवार इथे चाललं होतं ते निराळंच. कुणी चाकाच्या खुर्चीतून, कुणी काठी टेकत, कुणी नुसत्या हातवाऱ्यांनी बोलत, अशी दहा-बारा माणसं जमायची आणि शिबिर घेणारी जागृती त्यांच्यापुढे चिंध्यांचा ढीग ओतायची. "तुमचा एक दिवस शिवा," ती तोंडाने म्हणायची आणि हातांनीही. "कुणाला आवडावा म्हणून नाही. जसा गेला तसा." प्रत्येकाने आपापला चौकोन शिवला होता. आज त्या चौकोनांची गोधडी भिंतीवर चढत होती.

"हात लावायला परवानगी आहे ना?" साईनाथरावांनी काठी बगलेत धरली. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून दृष्टी नसलेले, आणि सगळ्यांत बोलके. "का प्रदर्शनासारखं लांबूनच बघायचं? लांबून बघण्यात आमची जरा अडचण होते हो."

हशा पिकला. साईनाथरावांची बोटं गोधडीवरून मुंग्यांसारखी फिरू लागली.

"हे गोणपाट. जिना दिसतोय. शालू, तुझाच ना? अगं, किती पायऱ्या घातल्यास! मोजता मोजता माझीच बोटं दमली."

"मी रोज चढते, तुम्ही एकदा चढलात तर काय बिघडलं?" शालू कुबड्या आपटत म्हणाली.

बोटं पुढच्या चौकोनावर आली आणि थबकली.

"वा! साटीन. काय गुळगुळीत, गार. चौकोनी चौकोनी टाके... फरशी आहे का ही?"

"आहे," रचना म्हणाली. ती डोंबिवलीहून यायची. भाऊ, तो संदेश, तिला चाकाच्या खुर्चीसकट व्हॅनमध्ये घालून आणायचा.

"कडेला जाड दोरीची दांडी. हाताने धरायची. आणि वर हे दार... अरेच्चा! दाराला कुलूप. खरंखुरं कुलूप!"

"बॅगेचं आहे. दादाने शोधून दिलं."

"कुठलं दार गं हे?"

"असंच एक. फार सुंदर आहे. आतलं फटीतून दिसलं तेवढंच शिवलं."

राजरत्नचे हात वरच होते. खाली घेता येईनात. खिशातली चावी मांडीला टोचत होती.

ते दार त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं. अडीच वर्षांपूर्वी अपंगांसाठी म्हणून नवं स्वच्छतागृह बांधलं गेलं. रुंद दार, पांढरीशुभ्र फरशी, भिंतीला स्टीलच्या दांड्या. राजरत्नचा जीव जडला त्याच्यावर. रोज सकाळी सातला तो ते धुवायचा, दांड्या सुक्या फडक्याने लख्ख करायचा आणि कुलूप घालायचा. लोक काय, पान खाऊन थुंकतात. स्वच्छ सभागृहाच्या स्पर्धेत पहिला नंबर आला तेव्हा पालिकेच्या साहेबांनी त्या फरशीवर त्याचा फोटो काढला होता. तो फोटो घरी टीव्हीच्या वर होता. अडीच वर्षांत एक डाग नाही, असं तो पाहुण्यारावळ्यांना सांगायचा. अडीच वर्षांत आत कुणी गेलंही नव्हतं, हे कधी त्याच्या मनात आलं नाही.

तिसऱ्या रविवारी रचना खुर्ची वळवून त्याच्याजवळ आली होती. आवाज खाली घेऊन म्हणाली, "काका, चावी देता का?"

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, साहेबांची पाहणी होती. सकाळभर खपून त्याने सगळं चकाचक केलं होतं. चावी खिशात होती.

"लाइन बंद आहे ताई त्याची. पाणीच नाही."

"बरं," ती म्हणाली होती.

तासाभराने ती संदेशला बोलावून घाईघाईत निघून गेली. बाहेरच्या दरवाजापर्यंत फरशीवर चाकांच्या दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या. "बाटल्या सांडतात आणि पुसायला आम्ही!" असं पुटपुटत राजरत्न फडकं घेऊन बसला. फडकं पिळलं, तेव्हा वासाने कळलं, ते पाणी नव्हतं.

त्याने ते कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्याला आई आठवायला लागली होती. रंभा. याच नौपाड्यात पाच घरची धुणीभांडी, पाच घरची न्हाणीघरं. दुसरीतला राजरत्न तिच्याबरोबर जायचा आणि जिन्यात बसून राहायचा. मधूनच आई घाईने बाहेर यायची, पदर घट्ट खोचून, त्याचा हात ओढत पार टेंभी नाक्याच्या बाजूला, सार्वजनिक संडासाकडे चालत सुटायची. "आये, आत्ताच तर तू आतला संडास धुतलास, मग?" असं त्याने एकदा विचारलं होतं. आई तशीच त्याला पुढे ओढत राहिली. फडकं मारता मारता मात्र ती स्वतःशीच गुणगुणायची, आणि ते त्याला पाठ झालं होतं:

*पुसते गं बाई फरशी, फरशी आरशावानी,*
*तोंड माझं दिसं तिच्यात, उंबऱ्याच्या भाईरूनी.*

"आणि खाली हे काय?" साईनाथरावांचा आवाज आला. "बारीक मणी. दोन रेघा. दारापासून निघाल्यात, चौकोनाच्या पार बाहेर गेल्यात."

"चाकं गेली तिथून," रचना म्हणाली. मग हसली. "मणी बरे पडतात. पुसले जात नाहीत."

कुणाला काही कळलं नाही. साईनाथराव पुढच्या चौकोनाकडे सरकले. संदेशने त्याच्या बाजूचे खिळे ठोकले, मग इकडे येऊन राजरत्नच्या बाजूचेही.

"झालं काका, सोडा आता," तो म्हणाला. राजरत्नने हात सोडले नाहीत. "काका? अहो, बसली ती भिंतीवर."

तो स्टुलावरून उतरला. थेट त्या दाराशी गेला. चावी फिरवली. दार उघडून त्याने आतला दिवा लावला, पांढरा उजेड बाहेरच्या फरशीवर सांडला. मग तो रचनाच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला. सगळ्यांदेखत बोलायचं असं त्याने त्या दहा पावलांत ठरवलं होतं. पण आवाज जेमतेम तिच्यापुरताच निघाला.

"ताई, लाइन बंद नव्हती. त्या दिवशी."

"माहितीये."

"आं?"

"आतल्या नळाखाली तुमची बादली भरताना ऐकली होती काका. आम्ही लवकर आलेलो ना त्या दिवशी. शिळफाट्याला ट्रॅफिक नव्हतं."

ती हे रागाने म्हणाली असती तर राजरत्नला बरं वाटलं असतं. ती सुई दोऱ्यात गुंडाळून ठेवत होती. तीन आठवडे ती त्याला बघून हसत होती, "काय काका, चहा झाला का," म्हणत होती, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

"या ना," तो दाराकडे हात करून म्हणाला. "आता उघडंच ठेवीन. कुलूपच काढतो."

रचनाने दाराकडे बघितलं. उजेडात दांड्या चमकत होत्या.

"आज नको काका. गरजच नाही. इथे यायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही."

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पहिल्या तीन रविवारी तिच्या खुर्चीला एक निळी बाटली लटकलेली असायची.

तो पँट्रीत गेला. स्टीलचा पेला घासला, परत एकदा घासला, माठातलं पाणी काठोकाठ भरलं आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणला.

रचनाने पेला घेतला. ओठ कोरडे होते तिचे, हे त्याला आत्ता दिसलं. ती सावकाश प्यायली, डोळे मिटून, एकेक घोट. मध्येच थांबली, पेल्यात बघितलं, आणि तो त्याच्या हातात परत दिला.

"घ्या ना अजून," तो म्हणाला. "दार उघडंय ताई."

"इथलं उघडंय हो," ती म्हणाली. "पुढे डोंबिवलीपर्यंत?"

संदेशने खुर्ची वळवली. माजिवड्यावरून जावं की कळव्यावरून, यावर बहीणभावांची तिथेच जुंपली, आणि भांडत भांडतच ते दरवाजातून बाहेर पडले.

राजरत्न उघड्या दारापाशी उभा राहिला. एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात अर्धा पेला. पाणी ओतायला मोरी समोरच होती, अडीच वर्षं लख्ख ठेवलेली. त्याच्याने ते ओतवलं नाही.