पेला डावीकडं

बायको कुशाबाई वारल्यापासून मोहनराव ओट्यापाशी उभे राहूनच जेवायचे. पिठलं कढईत असेल तर कढईतच भाकरी बुडवायची, कालवण पातेल्यात असेल तर पातेलं पुढ्यात ओढायचं. एकट्यासाठी ताट कशाला खरकटं करायचं? भाकरी थापायला ते वयाच्या साठीनंतर शिकले होते आणि बऱ्या जमायच्याही. स्वयंपाकाचा त्यांना कंटाळा नव्हता, कंटाळा जेवणाचा होता. चार घास पोटात ढकलले, चूळ भरली की निमगाव केतकीच्या शिवेवरच्या आपल्या डाळिंबाच्या बागेत जायला मोकळे.

मुलगा अविराज बारामतीला एमआयडीसीत नोकरीला होता. तो न्यायला आला की मोहनराव फवारणी पुढं करायचे. "बहार धरलाय, आत्ता कुठं येतोस घेऊन?"

श्रावणात त्यांना ताप भरला. सून वृषाली शाळेतून रजा काढून आली. कण्हेरी, पेज, मऊ भात असं करत तिनं त्यांना उठवून बसवलं. ताप उतरला त्या दुपारी ती धुणं वाळत घालून आत आली, तर सासरे ओट्याशी कढईवर वाकून उभे होते. तिला पाहून ते जरा ओशाळले.

संध्याकाळी तिनं मांडणीवरची ताटं खाली काढली. वरच्या ताटावर बोटभर धूळ होती. घासून पुसून एक ताट घेतलं, पाट मांडला, वर डावीकडं चिमूटभर मीठ, लिंबाची फोड, शेंगदाण्याची चटणी, उजवीकडं दोडक्याची भाजी, वाटीत आमटी.

"कोण येणार हाय?" मोहनरावांनी दारातूनच विचारलं.

"कुणी नाही आबा. तुमच्यासाठीच वाढलंय."

ते बसले. थोडा वेळ नुसतेच ताटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कांदा सुरीनं कापलास व्हय? बुक्कीनं फोडायचा असतो." वृषाली हसली आणि दुसरा कांदा त्यांच्यापुढं ठेवला. तापानं तोंडाची चव गेलेली, तरी मोहनरावांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि वाटी पुढं करून आमटी मागितली. मागितल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कढईला कोण कशाला मागणार?

वृषाली बारामतीला परत गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीनं पातेल्यात भाकरी मोडली आणि तिथंच थांबले. मग दार लोटून घेतलं, पाट मांडला, ताट घेतलं, मीठ वाढलं. स्वतःच वाढायचं आणि स्वतःच बसायचं, लहान पोरींच्या भातुकलीसारखं वाटलं त्यांना. पहिला घास घेतात तोवर दार वाजलं. शेजारच्या रानातला भीमा पंपाचा पाना मागायला आला होता.

भीमाची बायको ठमाबाई लेकीच्या बाळंतपणाला बारामतीला गेली होती. तेव्हापासून भीमा वर्तमानपत्रावर भेळ पसरून जेवत होता, नाहीतर नाक्यावरच्या हॉटेलात मिसळ खात होता. मांडलेल्या ताटाकडं बघून तो म्हणाला, "मोहनराव, पाव्हणं आल्यात का काय?"

"मीच पाव्हणा," मोहनराव म्हणाले. "पाय धू आन् बस. भाकरी हायेत."

त्यांनी दुसरा पाट मांडला, दुसरं ताट वाढलं, पाण्याचा पेला ताटाच्या उजवीकडं ठेवला. भीमानं तो उचलून डावीकडं ठेवला.

"तिकडं का?"

"पाणी डाव्या अंगाला असतं."

"कुणी सांगितलं तुला? लग्नाच्या पंगतीत जातोस का न्हाय? उजव्या अंगाला असतं."

"पंगतीत वाढपी कुठंबी ठेवतोय. त्याचं काय धरायचं?"

जेवण संपेस्तोवर वाद चालला. पाना न्यायचं भीमा विसरला आणि तो न्यायला दुसऱ्या दिवशी आला, नेमका जेवायच्या वेळेला.

मग तसंच ठरून गेलं. एक दिवस मोहनरावांकडं, एक दिवस भीमाकडं. ज्याच्या घरी चूल त्यानं वाढायचं, दुसऱ्यानं भांडी घासायची. बाजाराच्या दिवशी दोघांनी लिंबं घेतली, कोथिंबीर घेतली, भीमानं दोन वाट्या घेतल्या, कारण ठमाबाईनं चांगल्या वाट्या कुठं ठेवल्यात ते त्याला घरभर शोधून सापडलं नव्हतं. पहिल्या दिवशी चिखलाच्या पायानं आत आलेला भीमा आता तोंड धुऊन, सदरा बदलून यायला लागला. मोहनरावांनी त्यावरून त्याची चेष्टा केली आणि त्या रात्री स्वतःचाही धुतलेला सदरा काढून ठेवला.

एकदा भीमा म्हणाला, "तुमी मीठ वाढता, पण त्याला हात तर कधी लावत न्हाय."

"कुशी वाढायची," मोहनराव म्हणाले. "कालवण खारट झालं असलं तरी वाढायची. मी म्हणायचो, अगं कशाला? ती म्हणायची, ताट मोकळं दिसतं." घरात तिचं नाव त्यांनी कितीतरी महिन्यांत उच्चारलं नव्हतं. मग ते बोलतच राहिले. तिला हुरडा कसा आवडायचा, इंदापूरच्या बाजारात ती कशी हरवली होती आणि उलट त्यांनाच कशी रागावली होती. भीमा भाकरी हातात धरून ऐकत होता. त्यानं मध्येच विचारलं, "मग? सापडली कुठं?" आणि दोघं हसले.

दसऱ्याच्या आधी ठमाबाई परत आली. एसटीतून उतरून, पिशव्या सांभाळत ती घरी पोचली तेव्हा अंग आंबून गेलं होतं. आता चूल पेटवायची या विचारानं ती आत शिरली, तर पाट मांडलेला. ताटात भाकरी, वांग्याचं भरीत, चटणी, लिंबू. पेला डावीकडं.

ठमाबाई उभीच राहिली. "काय केलं तुमी माझ्या माघारी?"

"कुठं काय?"

"म्हस इकली का काय?"

"म्हस हाय गोठ्यात. तू बस."

"आन् तुमी?"

"तू आधी बस. मी वाढतो."

ती गोठ्यात जाऊन म्हैस बघून आली आणि मग हातपाय धुऊन बसली. भीमा समोर उकिडवा बसून वाढत होता. भाकरी कडेला जाड होती, भरितात मिरची जास्त होती. ठमाबाईनं सगळं खाल्लं, आणखी भरीत मागितलं, आणि लेकीच्या बाळाचं नाक कुणावर गेलंय ते सविस्तर सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्यानं वाढलेलं ताट तिच्यापुढं पहिल्यांदाच आलं होतं. ती एवढंच म्हणाली, "भरीत बरं झालंय."

सगळी हकिकत कळल्यावर सकाळी ती मोहनरावांकडं गेली. "भावजी, आजपासून आमच्याकडंच जेवायला येत जा. तिघांचं रांधायला मला काय जड न्हाय."

मोहनराव मान हलवत म्हणाले, "न्हाय वैनी. माझं ताट माझ्या घरी. आता जमतंय मला. पण रविवारी तुमी दोघं हिकडं यायचं. वृषाली आन् अविराजबी येणारेत. रांधणार मी."

"काय रांधणार?"

"ते आल्यावर बघा."

ठमाबाई हसली. जाता जाता तिची नजर आत गेली. पाटापुढं ताट पालथं घालून ठेवलं होतं, शेजारी उजवीकडं पेला. ती आत गेली, पेला उचलून डावीकडं ठेवला आणि म्हणाली, "उजवा हात उष्टा असतोय, भावजी."

रविवारसाठी मोहनरावांनी मांडणीवरची सगळी ताटं खाली काढली आणि अंगणात उन्हाला बसून राखेनं घासायला घेतली.