नमस्काराखालची रेघ

मी वेबपेजवरची एक जुनी रेघ आहे. शब्दाच्या खाली आडवं पडून राहायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा. शब्दाच्या आगेमागे कंसात ‘यू’ हे इंग्रजी अक्षर टाकलं, की मी हजर.

मित्रांनो, उमरखेडच्या नानाजींकडे मी जितकी राबले तितकी कुठेच नाही. नानाजी तहसीलमधून निवृत्त झालेले बाबू. ज्याच्या खाली रेघ नाही ते साहेब वाचत नाहीत, या श्रद्धेवर त्यांनी सगळी नोकरी काढली. महागावच्या मैनाबाईंच्या बचत गटाची हळद विकायला नानाजींच्या नातीनं, मधुवंतीनं, वेबपेज बनवलं आणि मजकूर नानाजींनी घातला. ‘घरची’खाली मी, ‘शुद्ध’खाली मी, ‘नमस्कार’खालीसुद्धा मी. एवढा मान मला कोणी दिला नव्हता.

आठवडा गेला, एकही मागणी आली नाही. शनिवारी मैनाबाई येऊन बसल्या.

“नानाजी, सोमवारी सारी हळद व्यापाऱ्याले देऊन टाकतो, येईल त्या भावात. बाया विचारून राह्यल्या, मंग उकडलं, वाळवलं, दळलं कायले? माह्या यवतमाळच्या भाचीनं ‘घरची’ दाबलं, ‘शुद्ध’ दाबलं, ‘नमस्कार’ बी दाबला. काहीच उघडत नाही. तुमचं दुकान बंद हाये का म्हणे.”

लिंकखाली असते ती माझी जुळी बहीण. तिला दाबलं की नवं पान उघडतं. मला दाबलं की नुसतं बोट दुखतं. ती बिचारी ‘मागणी नोंदवा’खाली होती, पण माझ्या गर्दीत कोणाला दिसेल?

“नानाजी, कागदावर रेघ म्हणजे वाच,” मधुवंती म्हणाली. “फोनवर रेघ म्हणजे दाब.”

“मंग महत्त्वाचं काय ते लोकाईले कसं कळन?”

“अक्षर ठळक करू ना.”

साहेबानं फाइल परत पाठवावी तसा चेहरा करून नानाजींनी मला एकेका शब्दाखालून स्वतःच्या हातानं काढलं. ‘नमस्कार’पाशी जरा थांबले. शेवटी बहीण तेवढी उरली. रविवारी संध्याकाळपर्यंत इतक्या मागण्या आल्या, की मैनाबाईंनी व्यापाऱ्याला येऊ नका म्हणून कळवलं.

मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर मला कमी वापरा. रेघ दिसली की माणूस आशेनं बोट ठेवतो. त्या बोटाला फसवायला मला लावू नका.

नानाजींची हौस मात्र फिटली नव्हती. पहिल्या कागदी पुड्यावर त्यांनी पट्टी धरून, लाल पेन्सिलीनं ‘हळद’खाली रेघ ओढलीच. भाचीनं मागवलेला तो पुडा यवतमाळला पोचला, आणि तिनं सवयीनं ती रेघ दाबली.

या खेपेला बोट पिवळं झालं.