एका मुलाच्या जागी शिक्षक

क्लासमधली मुलं तिला तोंडावर ताई आणि पाठीमागे सरासरीताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नफा-तोटा, काळ-काम-वेग शिकवायला दुसरे सर होते, सरासरीचा तास मात्र तिचाच. लांबलचक बेरजांच्या भानगडीत न पडता, नुसत्या फरकावर ती उदाहरण निकालात काढायची. तिच्या हाताखालून गेलेली मुलं चांगल्या चांगल्या कचेऱ्यांत खुर्च्या पटकावून बसली होती. ही मात्र दरवर्षी सरकारी भरतीची परीक्षा द्यायची आणि दरवर्षी काठावर आपटायची. कधी भाषा आडवी यायची, कधी सामान्य ज्ञान. ‘दिव्याखाली अंधार’ हे तिला भेटेल तो ऐकवायचा, आणि प्रत्येकाला वाटायचं की हे आपल्यालाच सुचलंय.

यंदाचा प्रयत्न शेवटचा होता. पुढच्या परीक्षेला वय बसणार नव्हतं. नोकरी लागली तर परगावी स्वतःची खोली मिळणार होती, दाराला आतून कडी घालता येणार होती. नाही लागली तर बापाच्या इस्त्रीच्या दुकानामागची तीच खोली आणि जन्मभर दुसऱ्यांना पास करणं. तिला ही नोकरी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती.

तिच्याबरोबर यंदा धाकटा भाऊही पहिल्यांदाच बसला होता. गणिताच्या नावाने त्याची बोंबच. तिच्या युक्त्या त्याच्या डोक्यावरून जात. त्याने निदान फी तरी वाया घालवू नये, एवढीच घरातल्यांची अपेक्षा होती.

पेपर सोपा निघाला. तिसऱ्या पानावर तर तिचा पाळीव प्रश्नच होता. वर्गात चोवीस मुलं, त्यांचं सरासरी वय चौदा. शिक्षक मिळवले की सरासरी एकाने वाढते, तर शिक्षकांचं वय किती? पंचवीस जणांना एकेक वर्ष वाटायचं, वर स्वतःची चौदा, झाले एकोणचाळीस. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पहिली ओळ दिसली, पर्यायांत एकोणचाळीस दिसले, तिने गोल काळा केला आणि वाचलेला वेळ भाषेच्या उताऱ्यांना दिला. बाहेर आली ती बऱ्याच वर्षांनी हसत आली.

उत्तरं जाहीर झाली तेव्हा बहीणभाऊ दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशी, प्रश्नपत्रिका पसरून ताडून बघत बसले.

“हे चुकलंय त्यांचं,” ती म्हणाली. “अडतीस दिलंय. एकोणचाळीस पाहिजे.”

धाकट्याने आपल्या कागदावर तळहात ठेवला.

“तुझं काय आलं?”

“अडतीस.”

“कसं काय?”

“अगं, यात शिक्षक वाढवलेले नाहीत. चौदा वर्षांचा एक मुलगा शाळा सोडून गेलाय, त्याच्या जागी शिक्षक धरलेत. म्हणजे माणसं चोवीसच राहिली ना? मी आपली सगळी बेरीज मांडली. मला कुठे तुझ्या युक्त्या येतात.”

तिने कागद ओढून घेतला. दुसरी ओळ ठसठशीत छापलेली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला दिसली असती. हजारदा सोडवणाऱ्याला दिसली नाही.

“हरकत नोंदवायची का?” त्याने चाचरत विचारलं.

“कशावर नोंदवू? माझ्या डोळ्यांवर?”

निकाल लागला. चुकलेल्या उत्तराचा गुण गेला, वर दंडाचा पाव गुण कापला. ती एका गुणाने राहिली. धाकटा कसाबसा का होईना, यादीत आला. घरात माणसांची रीघ लागली. तिने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांशी बोलली, आणि ‘शिकवणारी तूच ना गं’ असं म्हणणाऱ्यांना ‘हो’ म्हणाली. रडायला घरात जागाही नव्हती.

लोक पांगल्यावर आई ओट्याशी तिच्याजवळ येऊन उभी राहिली आणि पाठीवरून हात फिरवू लागली.

“मनाला लावून घेऊ नकोस. एका परीनं बरंच झालं बघ. तो आता जाणार परगावी. तूही गेली असतीस तर आम्हां म्हाताऱ्यांना कोण होतं? तू आहेस म्हणून मी निर्धास्त.”

आई हे मायेनेच बोलत होती. बोलताना तिचा चेहरा किती हलका झाला होता. आपण दरवर्षी पेपर द्यायला निघालो की ही देवापुढे नेमकं काय मागत असेल, हा विचार लेकीच्या मनात आला आणि काही केल्या जाईना. ती कप विसळत राहिली.

आतून धाकट्याचा आवाज आला.

“ताई, माळ्यावरची तुझी नवी बॅग नेऊ का गं? तुला आता लागणार नाही ना?”

“ने,” ती म्हणाली.