वेगळी बादली

"बाई, तुमनी पोर उनी शे. सुरतथीन."

वना वॉर्डबॉयनं मागच्या दारातून सांगितलं, तेव्हा सुमनबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत माशाच्या टाकीतल्या पाण्यात होते. वनाच्या बोलण्यातला 'सुरत' तेवढा त्यांना ऐकू आला. जळगावात त्या पितृपक्षात प्लेगशिवाय दुसरा विषय नव्हता. मेडिकलवाल्यांकडच्या कॅप्सूल संपल्या होत्या, माणसं तोंडाला रुमाल बांधून भाजी घेत होती, आणि सुरतेच्या गाडीतून कुणी उतरलं की फलाटावरचे लोक लांब सरकत होते.

"कुठंय?"

"पायरीवर बसेल शे. कडेवर पोर बी शे."

"आत येऊ देऊ नकोस."

वना बघतच राहिला. 'सुरत' ऐकताच बाईंच्या तोंडून ते निघून गेलं होतं. आपण हे कुणाबद्दल बोललो, तेही त्यांना नीट कळलं नव्हतं.

सुमनबाई भित्र्या, हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक होतं. मेलेल्या माणसाची त्यांना कधी भीती वाटली नाही. भीती वाटायची ती जिवंत माणसाच्या श्वासाची. उमेदीची वर्षं त्यांनी धुळ्याला साथीच्या रोगांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली होती. तिथली भीती अंगात मुरली ती मुरलीच. पुढं जळगावला मुलांच्या या खासगी दवाखान्यात आल्या, तरी दाराची कडी त्या पदरानंच उघडायच्या. पोरीबाळी मागून हसायच्या. डॉक्टर मात्र हसत नसत, कारण त्यांना अशाच बाईची गरज होती.

डॉक्टरांना समुद्रातल्या माशांचा नाद. तापीच्या मुलखात समुद्र कुठला आलाय, पण हौसेला मोल नाही. मुंबईहून कॅन भरभरून खारं पाणी यायचं आणि रडणारी पोरं वेटिंग रूममधल्या काचेच्या पेटीसमोर गप्प व्हायची. नवा मासा आला की त्याला एकदम इतरांत सोडायचं नाही, आधी वेगळ्या टाकीत ठेवायचा, असा नियम होता. ती टाकी दवाखान्यामागं, सुमनबाईंच्या खोलीत. वेगळी जाळी, वेगळा मग, वेगळी लाल बादली. या टाकीतला हात त्या टाकीत जाणार नाही, एवढी खात्री डॉक्टरांना फक्त सिस्टरांची होती.

या खेपेला आलेला मासा केशरी होता, अंगावर पांढरे पट्टे. टाकीत आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे ठिपके उठले. डॉक्टरांनी मोरचुदाचं निळं पाणी करून दिलं. "थेंबाथेंबानं घाला. आणि सिस्टर, ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही हं. किडे अंगावरून गळतात, तळाशी बसतात, पुन्हा वर येतात." हे वाक्य बाईंनी काळजात कोरून ठेवलं. ठिपके केव्हाच गेले होते. बाई थेंब घालतच होत्या.

हात साबणानं धुवून त्या दाराशी आल्या. मागच्या बाजूला तारेच्या जाळीचा व्हरांडा होता. वनानं त्यांच्या लेकीला, लताला, तिथं बसवलं होतं. पोर सुकली होती, आणि मांडीवर तान्ही लेक झोपली होती.

"आई, मिलवाल्यांच्या बठ्ठ्या चाळी रिकाम्या झाल्या," लता म्हणाली. "आमचे हे माल राखायला मागं राहिले. मला म्हणाले, तू माहेरी जा."

"ताप आहे? खोकला? काखेत गाठ?"

"नाही गं. मी रोज बघते."

"मग इथंच राहा. थोडे दिवस. खाट देते, स्टोव्ह देते. मोरी त्या कोपऱ्यात आहे." आणि घसा खाकरून त्या म्हणाल्या, "तुझी बादली वेगळी ठेवते."

लतानं मान हलवली. तिला त्यात नवं काहीच वाटलं नाही, आणि सुमनबाईंना तेच जास्त लागलं.

लता लहान होती तेव्हा वॉर्डात घटसर्पाची पोरं यायची. नवरा एसटीत कंडक्टर, सदा फिरतीवर. आपल्या अंगावरून घरात काही जाईल म्हणून बाईंनी पोरीला भडगावला सासूकडं, भिकुबाईंकडं, ठेवलं. थोडे दिवस म्हणून. वॉर्डात एक साथ सरली की दुसरी यायची. ते थोडे दिवस संपले तेव्हा लता परकर-पोलक्यात आली होती आणि आई आली की आजीमागं, तिच्या अक्कामागं, लपायची. आता नवराही नव्हता, भिकुबाईही नव्हत्या. माहेर म्हणायला हा एक जाळीचा व्हरांडाच उरला होता.

बाई ताट चौकटीवर ठेवायच्या आणि मागं सरायच्या. बाळ शिंकलं की त्यांचं धाबं दणाणायचं. भाकरी थापताना, पट्टी बांधताना, कान सगळा व्हरांड्याकडं. रोज सकाळी त्या जाळीबाहेरून विचारायच्या, "काख बघितलीस?" आणि लता बघितल्याचं सांगायची. बाईंचा विश्वास बसत नसे. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून प्यायची.

डॉक्टरांनी दोघींना तपासलं. "सिस्टर, छाती स्वच्छ आहे. बाळ तर मस्त आहे. घ्या आत."

"राहू द्या ना सर, अजून थोडे दिवस."

"माशाचंही तुम्ही हेच म्हणता. आज त्याला मोठ्या टाकीत सोडा आणि ते औषध बंद करा."

बाई हो म्हणाल्या. पण दुपारी माशाला खाणं टाकलं तर तो टाकीतल्या पाइपच्या तुकड्यात तोंड खुपसून पडलेला. रंग विटका. खाल्लं नाही, म्हणजे रोग तळाशी आहे. त्यांनी निळ्या पाण्याची बाटली काढली.

"बाई, अति तठे माती," फरशी पुसता पुसता वना म्हणाला. "दवाई बी जहर व्हई जास."

"तू तुझं काम कर."

लता जाळीला टेकून हे सगळं पाहत होती. तिनं विचारलं, "याला कधी सोडणार?"

"खात्री झाली की."

"अक्का पण हेच सांगायची. आईची खात्री झाली की नेईल तुला." लता रागानं बोलत नव्हती; बाळाचं टोपडं बांधत सहज बोलत होती. "तू भडगावला यायचीस ना, तेव्हा मला उचलायचीस आणि तोंड तिकडं वळवायचीस. तुझा श्वास लागू नये म्हणून. मला लहानपणीची तू आठवत नाहीस आई. तुझा कान आठवतो. कानातली कुडी आठवते."

सुमनबाईंनी लताकडं वळून पाहिलं. बाटलीतलं औषध मोजून पडायला हवं होतं, पण बाटली तशीच टाकीवर कलती राहिली. ते पडलं तेवढं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासा पाण्यावर आडवा तरंगत होता.

त्यांनी तो ओंजळीत घेतला. जाळी घ्यायचं सुचलं नाही. खिडकीशी नेऊन त्यांनी त्याला उलटापालटा करून पाहिला, पट्टे पाहिले, कल्ले उचलून पाहिले, शेपटी पसरून पाहिली. अंगावर एक ठिपका नव्हता. रोग केव्हाच गेला होता, आणि निळ्या पाण्यात मासा एकटा पडून होता.

मासा त्यांनी कागदावर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा हात न धुता त्यांनी कडी काढली आणि त्या व्हरांड्यात गेल्या. लता दचकून उठून उभी राहिली. बाईंनी हात पुढं केले. हातांवरून खारं पाणी ओघळत होतं. ते बघितल्याबरोबर त्यांनी हात झटकन मागं घेतले.

"धुवून येते," त्या पुटपुटल्या. "थांब, मी धुवून येते."

लतानं पदरानं त्यांचे हात पुसले, दोन्ही, बोटांच्या बेचक्यांतून, आणि बाळ त्यांच्या हातांत दिलं.

बाळ कोमट आणि जड होतं. बाईंनी ते घट्ट धरलं आणि जुन्या सवयीनं तोंड दुसरीकडं, मोरीकडं, वळवलं. बाळाचा हात वर गेला. त्याला कुडी सापडली, ते ती ओढायला लागलं.

"आई," लता म्हणाली, "इकडं बघ. तिला तुझं तोंड दिसू दे."

सुमनबाईंनी हळूहळू मान वळवली. श्वास मात्र अजून धरलेलाच होता.